आकाराने मोठा, वजनाने हलका

दम्यासाठी साल्ब्युटामॉलची, म्हणजे आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची, गोळी घेतली, तर त्यातले २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध रक्तावाटे सर्व शरीरात फिरते आणि हात थरथरू लागतात. पंपाच्या (इनहेलरच्या) एका फवाऱ्यात मात्र तेच औषध अवघे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, असते आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. तरीही ‘पंपाची सवय लागते’ म्हणून गोळीच मागणारे रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, याचे मला नवल वाटते.

पंपाचे खरे गणित कणांच्या आकाराचे आहे. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण घशाच्या वळणावरच आदळतो, तर फार बारीक कण उच्छ्वासाबरोबर बाहेर पडू शकतो. मधल्या आकाराच्या औषधी भुकटीचे कण मात्र एकमेकांना चिकटतात. म्हणून रोटाकॅपमध्ये, म्हणजे भुकटी ओढून घेण्याच्या कॅप्सूलमध्ये, ती लॅक्टोजच्या (दुधातल्या साखरेच्या) जाड कणांवर बसवलेली असते आणि जोरात ओढलेल्या श्वासाने ती सुटी व्हावी लागते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कॅप्सूल उघड्यावर ठेवू नये, हे त्यामुळेच.

१९९७ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स, रॉबर्ट लँगर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट काढली. त्यांनी कण मोठा ठेवला, पण कुरमुऱ्यासारखा सच्छिद्र केला. हवेत कण कसा वागेल हे त्याच्या व्यासाइतकेच घनतेवरही अवलंबून असते: १० मायक्रॉनच्या गोल कणाची घनता पाण्याच्या एकदशांश असेल, तर तो सुमारे ३ मायक्रॉनच्या भरीव कणासारखा वाहतो आणि फुप्फुसात खोलवर पोहोचतो. शिवाय असे कण एकमेकांना कमी चिकटतात, आणि फुप्फुसातल्या भक्षक पेशींना ते सहज गिळता येत नाहीत, त्यामुळे औषध सावकाश झिरपत राहते. उंदरांवरील प्रयोगात अशा कणांतल्या इन्सुलिनचा परिणाम ९६ तास टिकला. लहान, भरीव कणांचा केवळ ४ तास. पुढे साल्ब्युटामॉलवरही गिनीपिगमध्ये हीच कल्पना तपासली गेली.

मला स्वतःला मात्र याचा उपयोग तात्काळ आराम देणाऱ्या औषधापेक्षा श्वासनलिकेची सूज कमी ठेवणाऱ्या रोजच्या स्टेरॉइडसाठी अधिक वाटतो, कारण बरे वाटू लागताच सर्वांत आधी सुटते ते हेच औषध. अडचणी आहेतच. हलक्या भुकटीने कॅप्सूल भरली तरी औषधाचे वजन थोडेच भरते, आणि ज्या पॉलिमरचा (प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या पदार्थाचा) कण बनवला तो विरघळायला आठवडे लागत असतील, तर रोजच्या मात्रेने तो फुप्फुसात साचत जाण्याची भीती असते.