दात धारदार, तरी भुगाच: जुन्या चेनचा निकाल लागला

मंडळी, भुग्याचं कोडं सुटलं: दात धारदार असूनही चेनसॉची चेन ढलप्यांऐवजी भुगा का पाडते, ते कळलं. मागच्या नोंदींमध्ये जिच्यावर एवढी शाई खर्च झाली ती जुनी ३/८ इंच पिचची सेमी चिझल (गोलसर कोपऱ्याच्या दातांची) चेन पुन्हा ढलप्या काढायला लागली आहे. आणि गंमत म्हणजे त्यासाठी दातांना आणखी कानस लावावीच लागली नाही. दोष रेकरमध्ये होता, म्हणजे प्रत्येक दाताच्या पुढे असलेल्या त्या उंचवट्यात, जो दात लाकडात किती खोल शिरेल हे ठरवतो. त्यातली मेख अशी की गेज (रेकर कडेपेक्षा किती खाली आहे ते मोजायची पट्टी) ठेवून पाहिलं तर तेच रेकर अगदी बरोबर मापात येत होते.

धार कधी लावायची याची लक्षणं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. मशीन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरत नाही, रेटावं लागतं. ढलप्यांच्या जागी भुगा पडतो. काप एका अंगाला वळतो. तेल आणि ताण ठीक असूनही धूर येतो. यातलं एक दिसलं तरी थांबायचं आणि कानस काढायची. माझ्या चेनवर पहिली दोन लक्षणं ढळढळीत होती, धूर अधूनमधून, आणि काप मात्र सरळ. नियमाप्रमाणे धार लावली, परत भुगा. पुन्हा लावली, तरी भुगाच. दात नखावर ओढला तर नख सोलून काढत होता, आणि हीच चेन ओंडक्यावर ठेवली की साल ओलांडल्यावर नुसती घसरत होती.

तेव्हा एकेक संशयित बाजूला काढत गेलो.

आधी कड. अंधाऱ्या कोपऱ्यात मशीन व्हाइसमध्ये धरून समोरून टॉर्च मारला. बोथट कडेला थोडी का होईना जाडी असते, त्यामुळे ती पांढरी रेघ होऊन चमकते. खऱ्या धारेवर उजेड टिकायला जागाच नसते. एकाही दातावर रेघ नाही. टॉप प्लेटवरचा (दाताच्या वरच्या पृष्ठावरचा) क्रोमचा थरही कडेपर्यंत शाबूत. हे शेवटचं नीट बघा, कारण दगड लागलेल्या दाताचं क्रोम कडेजवळ उडालेलं असतं, आणि धार धरून ठेवणारं तेच असतं. तो पट्टा पूर्ण घासून मागच्या अखंड क्रोमपर्यंत पोचलं नाही तर दात नखाला लागतो, पण लाकडात काही कापांतच बोथट होतो.

मग दाताच्या कडेखालच्या घळीचा आकार. कानस खाली बसली तर कडेखालचा आकडा (हुकासारखा बाक) जास्त होतो: धार तिखट, पण लगेच जाणारी. वर चढली तर दाताचा पुढचा चेहरा मागे कलतो आणि दात चावण्याऐवजी सरपटतो. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा टॉप प्लेटच्या वर दिसला पाहिजे, तो दिसत होता. या चेनचे दात अर्ध्याच्या खाली गेलेत, म्हणून साडेपाचाची सोडून ५.२ मिमीची कानस वापरतोय, तेही ठीक. बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) उलटा करून लावला, त्याच्या कडांच्या रुळांवरची बर, म्हणजे झिजून बाहेर आलेली धातूची कोर, चपट्या कानशीने काढली, गुण्या लावून दोन्ही रूळ सारख्या उंचीचे आहेत हे पाहिलं.

लाकडावरही संशय घेतला, आणि तो घ्यायलाच हवा. पूर्ण वाळलेलं कठीण लाकूड नव्या कोऱ्या चेनलाही बारीकच माल देतं. उभ्या खोडाच्या तोंडातून रेषांच्या दिशेने खाली चिरलं तरी बारीकच पडतो. ओंडका आडवा ठेवून रेषांना धरून चिरला तर उलट लांबलचक धागे निघून क्लच कव्हर तुंबतं. म्हणजे खाली काय पडलंय एवढंच पाहून चेनचा निकाल देता येत नाही. लाकूड कसलं आणि काप कुठल्या दिशेने, हे आधी. म्हणून एकच ओला ओंडका चाचणीसाठी राखून ठेवला, आणि काप फक्त आडवे.

त्याच ओंडक्यावर, त्याच बारवर नवी चेन चढवली. लगेच ढलप्या. म्हणजे मशीन निर्दोष, बार निर्दोष, लाकूड निर्दोष.

उरले रेकर. दोन दातांच्या माथ्यांवर आडवं ठेवायचं नेहमीचं ०.६५ मिमीचं गेज लावलं. रेकर खाचेच्या बरोबर पातळीत, कानस फिरवायला कणभरही वाव नाही. इथे आठवडा अडकून पडलो.

सुटलं ते नवी आणि जुनी चेन शेजारी शेजारी व्हाइसमध्ये धरल्यावर. रेकरचं काम म्हणजे रंध्याच्या तळाचं काम: पातं तळाच्या बाहेर किती डोकावतं त्यावर छिलका किती जाड निघणार हे ठरतं. पण रंध्यात पातं आणि तळ यांच्यातलं अंतर बदलत नाही. चेनवर ते बदलतं! दर धारेला कड मागे सरकते, रेकर मात्र आहे तिथेच राहतो. व्हर्निअर लावला. नव्या चेनवर रेकरच्या माथ्यापासून कडेपर्यंत साडेसहा मिमीच्या आसपास, जुनीवर जवळजवळ १० मिमी. खोली, म्हणजे रेकर कडेपेक्षा किती खाली आहे ते, दोन्हीकडे तीच ०.६५.

आता कोन काढा. साडेसहावर ०.६५ म्हणजे साधारण पावणेसहा अंश. दहावर तेच ०.६५ म्हणजे पावणेचारसुद्धा भरत नाही. दात लाकडात शिरताना पुढून उचलला जातो आणि रेकर टेकेपर्यंतच त्याला चावता येतं. म्हणून मोजायचा तो हा कोन, नुसती खोली नव्हे. जुन्या चेनला नवीइतकाच घास हवा असेल तर खोली १ मिमीपर्यंत न्यायला हवी. गेज बिचारं खोटं बोलत नव्हतं, त्याला प्रश्नच अर्धा विचारला जात होता.

आपल्यातल्या जुन्या खोडांना हे नवीन नाही, माहीत आहे. कार्ल्टन कंपनीचं फाइल-ओ-प्लेट हे गेज याच हिशेबावर चालतं: पट्टी त्या एकाच दातावर बसते, त्याच्याच रेकरचा माथा खाचेतून वर येतो, आणि दात झिजत जाईल तशी खोली आपोआप वाढत जाते. हुस्क्वार्नाच्या गेजमध्येही तीच कल्पना आहे, वर मऊ आणि कठीण लाकडासाठी दोन वेगळ्या खाचा. चेनसोबत जी सरसकट एका मापाची पट्टी खपवली जाते ती नव्या चेनला पुरते. दात अर्ध्यावर आले की ती पेटीतून काढूनच टाकावी, या मतापर्यंत मी आलो आहे.

कृती सोपी. चपटी कानस, दर रेकरला मोजून कानशीचे सारखे हात, मग माप. एक मिमीपर्यंत एका दमात गेलो नाही, ०.८ ला थांबून एक काप घेतला, मग ०.९, मग थोडं आणखी. घाई करू नये याला कारण आहे: रेकर जास्त खाली गेले की चेन आधाशी होते, मशीन हिसके देतं, छोटी इंजिनं कापातच गुदमरतात आणि किकबॅकचा, म्हणजे मशीन उसळून अंगावर येण्याचा, धोका वाढतो. कठीण लाकडाला कोन थोडा कमीच बरा. शेवटी प्रत्येक रेकरची पुढची बाजू पुन्हा गोलसर केली; सपाट टोक तसंच सोडलं तर ते लाकडात अडकत जातं.

०.८ वरच फरक जाणवला, आवाजातही. इंजिनचा चढा, रिकामा सूर जाऊन भरदार, दबलेला सूर आला. शेवटच्या मापावर मशीन ओंडक्यावर नुसतं टेकवलं आणि ते आपलं आपण खाली गेलं. पायाशी पडलेली एक ढलपी उचलून पाहिली: चौकोनी, दोन्ही अंगं गुळगुळीत, कोपरे तुटलेले नाहीत, बोटांत दाबली तर वाकणारी. बाहीवर तेलात कालवलेला भुगा चिकटायचा तो बंद. एवढ्याशा ढलपीचं इतकं कौतुक घरच्यांना कळणार नाही, तुम्हाला कळेल.

आता ग्राइंडरबद्दल. मागे लिहिलं होतं की या चेनसाठी बेंच ग्राइंडर घेणारच. तो बेत रद्द. ग्राइंडरने हा प्रश्न सुटला नसता, फक्त दात आणखी मागे गेले असते आणि कोन आणखी पडला असता. शिवाय ग्राइंडरवरून आलेल्या चेनवर निळी पडलेली कड मी पाहिली आहे. तापून कडक झालेल्या त्या पट्ट्यावर कानस नुसती चिरकते, चावत नाही. खूप चेन असतील, दगडाने मार खाल्लेल्या असतील, तर ग्राइंडर हवा, हलक्या हाताने आणि थांबत थांबत. माझ्या कामाला हातकानस पुरे. कानशीत मात्र काटकसर नको. पाकिटावर नाव नसलेल्या स्वस्त कानशी पहिल्या काही दातांवर छान चालतात, मग काचेवर घासल्यासारख्या घसरतात, आणि आपण चेनला दोष देत बसतो. व्हॅलॉर्ब या स्विस कंपनीची कानस हातात आल्यापासून दुसरी घेतली नाही. टू-इन-वन साधनं सोयीची, दात आणि रेकर एका फेरीत होतात, पण खोली ते ठरवतं, आपण नाही.

दात सारख्या लांबीचे करायचा माझा जुना ध्यासही आता सैल होतोय. आजची डावा-उजवा दातांची ठेवण जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याच्या १९४७ च्या चेनमधून आली, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचा जबडा पाहून त्याला ती सुचली होती. डावी-उजवी बाजू असमान झाली की काप वळतो, म्हणून सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणायचे, हा शिरस्ता. पण आखूड दाताचा रेकर त्याच्याच हिशेबाने खाली घेतला, तर त्याचा घास बाकीच्यांइतकाच भरायला हवा. मग एका दगडाच्या चुकीसाठी बाकी सगळ्या दातांचं निरोगी पोलाद घासून फेकायचं कशाला?

हे लिहितानाच आणखी एक सुचलं. मॅग्नेटवाला डिजिटल कोनमापक बारच्या रुळावर ठेवून शून्य करायचा, मग एक सरळ पट्टी रेकरच्या माथ्यावर आणि दाताच्या कडेवर टेकवून तिच्यावर तोच ठेवायचा. कोन थेट वाचता येईल, व्हर्निअर नको, भागाकार नको. ग्राइंडरचे पैसे वाचलेच आहेत, त्यातून हे होईल. पट्टी पातळ आणि ताठ हवी. मोडकी हॅक्सॉ ब्लेड दात घासून वापरून बघतो.

धारेचं वेळापत्रकही थोडं बदललं. दर टाकी भरताना प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात, लक्षणं दिसायची वाट न पाहता. चेन मातीला लागली तर टाकी अर्धी असली तरी लगेच. आणि धार लावूनही पहिल्या कापात भुगा आला तर पुन्हा दातांकडे न वळता आधी रेकरचा कोन मोजायचा.

पुढचा नंबर माझ्या फुल चिझल (चौकोनी कोपऱ्याच्या दातांच्या) चेनचा. तिची डावी बाजू उजवीपेक्षा उघड आखूड आहे आणि काप वळतोय. दातांना हात न लावता फक्त रेकर कोनाने जुळवून काप सरळ होतो का ते बघणार. झाला नाही, तर आखूड दाताबद्दल वर जे लिहिलंय ते खोडायला मीच येईन. कुणी .३२५ इंच पिचच्या झिजलेल्या चेनवर कोन मोजला असेल तर रेकरपासून कडेपर्यंतचं अंतरही सोबत द्या, नुसत्या कोनावरून ताळा करता येत नाही.