केल्डालचं प्रॅक्टिकल : माझा अनुभव

ठाण्यात फूड अँड न्यूट्रिशन शिकताना बाकीची प्रॅक्टिकल्स सुरळीत पार पडली. अडलं ते केल्डालवर, म्हणजे पदार्थातला नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनं काढण्याच्या पद्धतीवर. तेही डायजेशनवर, म्हणजे नमुना आम्लात उकळून त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट करण्यावर. टाइमटेबलमध्ये तीन तास, त्यातले अडीच एकट्या डायजेशनला लागतात. मग डिस्टिलेशन (अमोनिया उकळून वेगळा करणं), टायट्रेशन (तो आम्लाने मोजणं) करायचं कधी? परिणाम असा की अर्धवट डायजेशनचे आकडे जर्नलमध्ये चढतात आणि तुरीच्या डाळीत प्रथिनं १७ टक्के निघतात. याची अजून चीड येते.

डाळीचं बारीक पीठ अर्धा ग्रॅम घ्या, फिल्टर पेपरची पुडी करून फ्लास्कच्या तळाशी सोडा. सुटं ओतलं तर मानेला चिकटतं, तिथे आम्ल पोचत नाही. पोटॅशियम सल्फेट आणि मोरचूद १०:१, वर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पोटॅशियम सल्फेटमुळे आम्लाचा उत्कलनबिंदू वाढतो; ते कमी पडलं की काम रेंगाळतं. फ्यूम हूड चालू हवाच. सुरुवातीला आच मंद ठेवा, नाहीतर काळा फेस मानेपर्यंत चढतो. फेस बसला की आच वाढवा आणि फ्लास्क मधूनमधून फिरवून मानेवरचे काळे कण खाली घ्या. काळं, तपकिरी, पिवळसर, मग स्वच्छ निळसर-हिरवं. सगळे इथेच बर्नर बंद करतात. पण हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांच्या कड्यातला नायट्रोजन उशिरा सुटतो, म्हणून द्रावण निवळल्यावरही निदान अर्धा तास द्यायलाच हवा.

उपाय सरळ आहे: प्रॅक्टिकल दोन दिवसांत विभागून मागा. गार झालेलं, पाणी घालून पातळ केलेलं द्रावण बूच लावून दुसऱ्या दिवसापर्यंत खुशाल राहतं, अमोनियम सल्फेट कुठे उडून जात नाही.

डिस्टिलेशनला ४० टक्के कॉस्टिक सोडा द्रावण गडद होईपर्यंत घाला. नळीचं टोक बोरिक आम्लात बुडलेलंच हवं. दुपारी नळाची धार बारीक झाली तर कंडेन्सर तापतो आणि अमोनिया निसटतो, तेव्हा हात लावून बघत राहा. संपवताना आधी बोरिक आम्लाचा फ्लास्क खाली घ्या, मग आच बंद करा. उलट केलंत तर बोरिक आम्ल मागे खेचलं जातं.

ब्लँकमध्येही, म्हणजे पिठाशिवाय केलेल्या चाचणीतही, तसाच फिल्टर पेपर टाका. आणि पावसाळ्यात पीठ ओलावा धरतं, त्यामुळे वजन केलं त्याच दिवशी १०५ अंशांना ओलावा वेगळा मोजा.

टायट्रेशनला ब्लँक वजा जाता ०.१ नॉर्मल आम्ल १२.६ मिली लागलं, तर १७.६ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ३.५३ टक्के. गुणिले ६.२५ (नायट्रोजनवरून प्रथिनं काढायचा गुणक), प्रथिनं २२ टक्के. गव्हाला मात्र ५.७ आणि दुधाला ६.३८ घ्या.