पलीकडे नक्की कोण आहे?

आज महापेहून निघायला साडेनऊ झाले. घणसोलीला ठाणे लोकल मिळाली, खिडकीही मिळाली, पण डोकं अजून कोडमध्येच.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेतला क्लायंट आमच्या टेस्ट सर्व्हरशी टीएलएसने (नेटवर्कवरचं बोलणं सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीने) जोडायचा होता. जुन्या कोडमध्ये ‘इनसिक्युअर स्किप व्हेरिफाय’ चालू ठेवलेलं. म्हणजे बोलणं एन्क्रिप्टेड, पण समोर कोण आहे हे विचारायचंच नाही! मधे कुणी तोतया बसला तर सगळं त्याच्याच हातात. लोकांची माहिती जाते हो त्या तारेवरून. मला हे बघवत नाही.

ती ओळ काढली आणि हँडशेकच, म्हणजे जोडणीआधीची ओळखपरेडच, तुटली. दुपारभर शोधलं. सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्रात, सर्व्हरचं नाव फक्त ‘कॉमन नेम’ या रकान्यात होतं, २०२० च्या गो १.१५ पासून ते डीफॉल्टने धरलं जात नाही. नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या दुसऱ्या रकान्यातच लागतं. (आरएफसी २८१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ‘कॉमन नेम’चा वापर २००० सालीच कालबाह्य ठरवला होता.)

मग आमच्या अंतर्गत सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेकडून) नवीन सर्टिफिकेट घेतलं, त्या सीएचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट (रूट) पडताळणीसाठी क्लायंटला दिलं, किमान आवृत्ती टीएलएस १.३ ठेवली. जोडलं गेलं! मुद्दाम चुकीच्या नावाने जोडून पाहिलं, तर साफ नकार. तो एरर बघून जितका आनंद झाला, तितका जोडणी झाल्यावरही झाला नव्हता.

उद्या सर्व्हरलाही क्लायंटचं सर्टिफिकेट मागायला लावायचंय. ऐरोली आली.