आमची वाटचाल : डंख, चिठ्ठ्या आणि लालबाग

चिंचपोकळी स्टेशनावर उतरून लालबागकडे चालत आलात की आमचं मसाला कुटायचं दुकान डोळ्यांआधी नाकाला सापडतं. एप्रिलमध्ये तर आधी शिंक येते, मग दुकान.

आजोबा कणकवलीकडचे. कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, लागले आणि गाववाल्यांच्या खोलीत राहिले. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच वळकट्या पसरायची. आजी मागाहून आली. तिने पाच-सहा जणांना जेवू घालायला सुरुवात केली आणि बघता बघता पंगत वीसवर गेली. पंगतीत कोकणातले होते तसे घाटावरचेही होते. मालवणी मसाल्याचं कालवण घाटावरच्यांना गोडूस लागायचं आणि त्यांचा कांदा-लसूण मसाला कोकणातल्यांच्या घशाला टोचायचा. शेवटी आजीने दोन टोप चढवायला सुरुवात केली. आमच्या धंद्याचं मूळ त्या दुसऱ्या टोपात आहे असं मी मानतो, कारण दोन्हीकडचे मसाले ती तेव्हाच शिकली.

18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आमचे बाबाही होते. ते तर साधे बदली कामगार. महिना-दोन महिन्यांत मिटेल म्हणत सगळे थांबले. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी आजवर सांगितलेलं नाही. खानावळीची उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. त्यातले निम्मे लोक गावी गेले ते परतलेच नाहीत. आजीने त्यांच्या नावांवर काट मारू दिली नाही.

मग आजी घरच्या उखळीत मसाला कुटायची आणि बाबा त्याच्या पुड्या घेऊन बाजारात उभे राहायचे. दोन वर्षांनी आजीच्या पाटल्या मोडून एक जुना डंख, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, घेतला. लोखंडी उखळी, वर खाली होणारी मुसळं आणि पट्ट्यावर चालणारी मोटर. एवढंच यंत्र, पण गिरणीचा भोंगा बंद पडलेल्या गल्लीत त्याचा धडधडाट सुरू झाला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, असं आई सांगते.

चक्कीवर मसाला तापतो, रंग उतरतो, वास उडतो. डंखावर तो कुटला जातो, जरा रवाळ राहतो. मिरचीचं गणितही साधं नाही. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. धने, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, बाद्यान, त्रिफळं सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण धने खरपूस होईपर्यंत खसखस जळून जाते. बाया आपल्या घाण्यासमोर, म्हणजे डंखात पडलेल्या आपल्या मसाल्यासमोर, स्टूल टाकून, नाकाला पदर लावून बसतात. आपल्या मसाल्यात दुसरीची मिरची मिसळेल ही भीती. “झिला, जाडसर होया हां, पीठ करू नको,” हे मी दिवसातून वीसदा ऐकतो.

आमची खरी पुंजी म्हणजे चिठ्ठ्या. कुणाच्या घरी किलोभर मिरचीला काय काय किती पडतं, ते बाबांनी रजिस्टरात लिहायला सुरुवात केली. यादी वाचून गाव ओळखता येतं. त्रिफळं दिसली की मालवण-वेंगुर्ला, सुकं खोबरं आणि तीळ जास्त असले की सातारा-कोल्हापूर.

आता या रजिस्टरातले पत्ते बदललेत. 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक-एक हिस्सा पालिकेला आणि म्हाडाला मिळायचा होता. 2001मध्ये नियम असा फिरवला की फक्त मोकळ्या जागेचीच वाटणी. गिरणीच्या जमिनीत मोकळी जागा किती असणार ते शेंबडं पोरही सांगेल. टॉवर उठले, 2011ला डोक्यावरून उड्डाणपूल गेला. चाळीतली गिऱ्हाइकं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. बाबांनी गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरला होता. नंबर लागायच्या आधी ते गेले.

मागच्या बाजूच्या एका टॉवरमधून आमच्याविरुद्ध तक्रारही झाली. आवाज होतो, खोकला येतो. खोटं नव्हतं ते. आम्ही डंखाखाली रबर घातलं, भाजणीवर धुराडं बसवलं आणि रात्री आठनंतर कुटणं बंद केलं. त्याच इमारतीतून आता व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-दोन किलोच्या ऑर्डरी येतात. तक्रार करणारे तेच का, ते मी विचारलेलं नाही.

सगळ्यात मोठा फटका 2020चा. टाळेबंदी लागली ती नेमकी मार्चअखेरीस, आणि वर्षाची कमाई आम्ही एप्रिल-मेमध्येच करतो. भरलेली पोती तशीच पडली, पावसाळ्यात बुरशी धरली. ती उचलून टाकताना दोन्ही कारागीर आणि मी, तिघंही एक शब्द बोललो नाही.

गणपतीत राजाच्या रांगेतले लोक तहानेने आमच्या ओट्यावर टेकतात. त्या दिवसांत मसाला खपत नाही, पाणीच खपतं, तेही फुकट.

गेल्या मे महिन्यात बदलापूरहून एक मुलगी आली. आजी वारली, चिठ्ठी हरवली, फक्त चाळीचं नाव माहीत. 1991च्या रजिस्टरात सापडली यादी. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि तीन किलोचा घाणा लावला. मिरची मात्र तिने घरून आणलेली, हाताला नरम लागत होती. परत पाठवली. दोन दिवस कडक उन्हात घाल म्हटलं, आणि पाऊस यायच्या आत ये.