पाण्याची रेघ

रविवार, २४ ऑगस्ट २०२५. बिल्बाओ, स्पेन. रात्रीचे अडीच.

पाय भरून आलेत. हाताला लसणाचा वास, तो साबणाने जाण्यातला नाही. तरी लिहून मगच झोपते.

आस्ते नागुसिया हा इथला उत्सव आज संपला. नावाचा अर्थ ‘मोठा आठवडा’, आणि हा आठवडा नऊ दिवसांचा. नऊ दिवस आमच्या रेस्टॉरंटात नेहमीचं मेनूकार्ड बंद. दारावर मारिजायाचं, या उत्सवाच्या बाहुलीचं चित्र: दोन्ही हात वर केलेली गुबगुबीत बाई. आत निळे रुमाल बांधलेली गिऱ्हाईकं आणि जेवायला चारच पदार्थ. त्यातला बाकालाओ पिल-पिल आज माझ्याकडे.

म्हटलं तर काहीच नाही त्यात. खारवलेला कॉड, पाणी बदलत बदलत दोन दिवस भिजवलेला. ऑलिव्ह तेलात लसूण नि सुकी मिरची तळून बाजूला काढायची, तेल कोमट होऊ द्यायचं, मग मासा ठेवून मातीचं पसरट भांडं गोल गोल हलवत राहायचं. पीठ नाही, साय नाही. माशाच्या सालीतला चिकटपणा सुटतो आणि तेलच दाट, पांढुरकं होऊन मिळून येतं. निदान यायला हवं. आठ जणांचं टेबल खोळंबलेलं, मी घाई केली, तेल गरमच राहिलं. फाटलं. वर तेल, खाली पांढरट पाणी.

शेफबाई गाळणी घेऊन धावल्या. हल्ली बरेच जण गाळणीच फिरवतात, पटकन जमतं. तेवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या अमुमा उठल्या. अमुमा म्हणजे आजी. मालकांची आई, पण इथे सगळ्यांचीच अमुमा. गाळणीकडे त्यांनी असं पाहिलं की शेफबाईंनी ती मुकाट्याने खुंटीला लावली. अमुमांनी भांडं खाली उतरवलं, बरंचसं तेल वाटीत काढलं आणि चमचा चमचा परत घालत मनगट फिरवत राहिल्या. पाचेक मिनिटांत रस्सा जागेवर.

त्या माझ्याशी मुद्दाम बास्कमध्ये बोलतात. ‘अमुमाक अराइना यान दू’, म्हणजे अमुमाने मासा खाल्ला. त्या शेवटच्या ‘क’पाशी माद्रिदहून आलेला आमचा वेटर हटकून अडखळतो. मला तो पहिल्याच दिवशी कळला: आपला ‘ने’. सांगली हायस्कूलच्या व्याकरणाचा हा एवढाच उपयोग आजवर झाला असेल.

रात्री किचन पंधरा मिनिटं बंद करून सगळे नदीकडे पळालो. मारिजायाला निरोप देताना जाळतात. मारी पुरी एरेरो या चित्रकर्तीने १९७८ साली ती पहिल्यांदा घडवली. दर वर्षी नवी येते नि राख होते. माझ्या शेजारी भांडी घासणारा पोरगा ढसाढसा रडत होता. ‘तुमच्याकडे असं काही असतं का?’ नाक पुसत त्याने विचारलं. म्हटलं, असतं, पण आम्ही बुडवतो. बुधवारी तर बसतायत.

आवरताना भांडं वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर चढले, तेव्हा ती रेघ दिसली. छताच्या हातभर खाली, निळ्या रंगाने ओढलेली: २६ ऑगस्ट १९८३. चार महिने याच भिंतीखाली कांदे चिरतेय आणि एकदाही मान वर केली नाही!

अमुमांनी सांगितलं. असाच मोठा आठवडा चालू होता. शुक्रवार. पाऊस थांबेना, नदी जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरली, काठावरचे जत्रेचे मांडव गेले. अमुमा वरच्या मजल्यावर, आणि खाली काळोखात पिंपं छताला धडकत होती. ‘तो आवाज,’ एवढं म्हणून परत लसणाकडे वळल्या.

मी म्हटलं, आमच्याकडे २०१९. ऑगस्टच. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर, आणि बाबांच्या दुकानात वह्यांचा लगदा. तिथेही रेघ आहे, पेन्सिलीची. पुसू देत नाहीत.

‘केवढी?’

उतरून भिंतीपाशी उभी राहिले, टाचा उंचावल्या आणि तळवा टेकवला. अमुमांनी निळ्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि मान हलवली.

हात काढला तर भिंतीवर तेलाची पाच बोटं. उद्या सकाळी आधी ती पुसायला हवीत. अमुमा म्हणाल्या राहू दे, पण शेफबाईंना कोण सांगणार.