पावसाळ्यातलं ग्रामर आणि एक एस

रविवार, रात्र

आज वहिनींनी न अडखळता विचारलं, ‘डज युवर सन ईट फिश?’ आणि मला इतका आनंद झाला की म्हटलं झोपायच्या आधी लिहूनच ठेवूया.

तारकर्लीत पावसाळा म्हणजे आमच्या धंद्याला सुट्टी. किल्ल्याच्या बोटी बंद, स्कूबा बंद, होमस्टेच्या खोल्या रिकाम्या. सीझनला वहिनींना मान वर करायला वेळ नसतो, सकाळी घावणे, दुपारी सुरमईची थाळी, रात्री कोंबडी-वडे आणि त्यात मधे मधे फोन, बेंगलोर नाहीतर हैदराबादचे लोक असतात, ते इंग्रजीतच सुरू करतात. दादा दिवसभर किनाऱ्यावर, त्यामुळे बोलायचं ते वहिनींनीच. म्हणून यंदा ठरवलं की जेवणं आटपली की ओटीवर बसायचं आणि ग्रामर करायचं.

वहिनी मराठी माध्यमाच्या. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्यांच्या वेळी पाचवीला एबीसीडी. पण टेन्सचा तक्ता अजून पाठ आहे त्यांना, सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. आणि पाहुणा समोर आला की त्यातलं काहीच तोंडात येत नाही. मला हे फार लागतं. वर्षानुवर्षं अभ्यास केलेली बाई आहे, हुशार आहे, तरी तिला वाटतं आपल्याला इंग्रजी येत नाही. नियम माहीत आहे, फक्त तो वापरायची संधी तिला कधी कुणी दिली नाही. शाळेत वाक्य फळ्यावर असायचं आणि वहीत उतरायचं, बोलायला कोण सांगत होतं?

म्हणून आम्ही पुस्तकातली वाक्यं घेतलीच नाहीत. वहिनींच्या दिवसातलं एक वाक्य घ्यायचं आणि तेच उलटसुलट करत राहायचं. ‘द बोट लीव्ज अ‍ॅट नाइन.’ मग प्रश्न, ‘डज द बोट लीव्ह अ‍ॅट नाइन?’ मग नकार, ‘द बोट डझन्ट लीव्ह अ‍ॅट नाइन.’ मग काल, ‘द बोट लेफ्ट अ‍ॅट नाइन’, ‘डिड द बोट लीव्ह अ‍ॅट नाइन?’ मग बोटीच्या जागी बोटी, की परत सगळं बदललं. हे चालू असताना वहिनी मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ह्यो एस खंय गेलो गो?’ लीव्जमधला एस प्रश्नात दिसेना. आणि मग त्यांनीच शोधला, डजमध्ये जाऊन बसलाय तो! मला वाटतं त्या एका क्षणात जेवढं ग्रामर कळलं तेवढं तक्त्यातून कधीच कळलं नसतं. डू, डज, डिड यातलं कुणी आलं की काळ आणि एस त्याने उचलायचा, मूळ क्रियापद मोकळं. म्हणूनच ‘डिड यू वेंट’ चालत नाही, भूतकाळ एकदा डिडने घेतला ना, मग गो ला परत कशाला. मराठीत असं काही नसतंच, ‘बोट नऊला सुटते का?’ म्हटलं की झालं, त्यामुळे हे डू-डज आपल्याला उपरं वाटतं आणि आपण ‘व्हेअर यू लिव्ह?’ असं विचारून मोकळे होतो. त्यावर उपाय एकच, प्रश्न विचारत राहणे. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना, कधीही.

आणि हा एस बोलताना तीन तऱ्हेने येतो हेही जिभेनेच शिकावं लागतं. कुक्स, वर्क्स मध्ये स, ओपन्झ, गोझ मध्ये झ, आणि क्लोझिझ, वॉशिझ मध्ये अख्खा एक इझ वाढतो. लिहिताना हे कळतच नाही. वहिनींना मी ‘द किचन क्लोझिझ अ‍ॅट टेन’ हे वाक्य दिलंय, सीझनला रोज लागणारं आहे.

त्यांना वाईट वाटतं की एवढी साधी गोष्ट सारखी निसटते. मी त्यांना रॉजर ब्राऊन यांचं सांगितलं. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी तीन लहान मुलांचं घरातलं बोलणं बराच काळ रेकॉर्ड करून अभ्यासलं आणि १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली मुलं ती, तरी त्यांच्या बोलण्यात आधी क्रियापदाचा आयएनजी येतो, इन आणि ऑन येतात, अनेकवचनाचा एस येतो आणि ही शी इट वाला एस मात्र बराच मागून. पुढे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांवर अभ्यास झाले, तिथेही हा उशिरा येणाऱ्यांतलाच. पुस्तकात तो सुरुवातीलाच येतो हे खरं, पण डोकं पुस्तकाच्या अनुक्रमणिकेने चालत नाही. हे ऐकल्यावर वहिनींचा चेहरा जो खुलला ना!

अ आणि द ची भीती होती मला, कारण आपल्याकडे आर्टिकल हा प्रकारच नाही. पण तेही अंगणातल्या कुत्र्याने सोपं केलं. नवीन पाहुणे फाटकाशी येऊन घाबरतात म्हणून वहिनींना हे सांगावंच लागतं, ‘देअर इज अ डॉग इन द यार्ड. द डॉग डझन्ट बाइट.’ पहिल्यांदा सांगताना अ, आता दोघांनाही माहीत झाला म्हणून द. आपणही म्हणतोच की, अंगणात एक कुत्रा आहे, तो कुत्रा चावत नाही. सगळीकडे हे जमत नाही, द ची बाकीची कामं पुष्कळ आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरे. अ आणि अ‍ॅन स्पेलिंग बघून नाही, कानाने ठरवायचं, अ‍ॅन अवर पण अ युनिव्हर्सिटी.

काही ठिकाणी इंग्रजीच सोपं आहे हेही सांगायला पाहिजे आणि कुणी सांगत नाही. मी बांगडा खाल्ला, कोलंबी खाल्ली, मासे खाल्ले, आपलं क्रियापद माशागणिक बदलतं. इंग्रजीत काहीही खा, एट ते एटच, आय एट, शी एट, दे एट. एवढी अवघड भाषा आपण लहानपणी कुणी न शिकवता बोललो, नुसती बोलून बोलून.

‘वी आर हॅविंग फोर रूम्स’ हे मात्र जिभेवर पक्कं बसलेलं आहे, आजूबाजूला सगळेच तसं बोलतात. खोल्या आपल्याकडे आहेत, ती काही आत्ता चालू असलेली क्रिया नाही, म्हणून वी हॅव. जेवण चालू आहे, तिथे वी आर हॅविंग लंच बरोबर. आज वहिनींनी यावर स्वतःची वाक्यं केली, वी हॅव अ वेल, वी हॅव हॉट वॉटर, वी हॅव अ फॅन बट वी डोन्ट हॅव एसी. शेवटचं मी सांगितलेलंच नव्हतं. नकारातला डोन्ट आपसूक आला.

बाबा शेजारी झोपाळ्यावर असतात. त्यांच्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे अजून, तिन्ही भाग, पानं पिवळी पडलीत आणि कडेला पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली. नियम थोडा आणि वाक्यं भरपूर, या भाषेतून त्या भाषेत आणि उलट. ते म्हणतात आम्ही असंच शिकलो, हात दुखेपर्यंत वाक्यं करून. मी आणखी एवढंच म्हणेन की ती वाक्यं तोंडानेही म्हणा आणि आपल्या घरातली असू द्या.

उद्या सिन्स आणि फॉर. ‘सकाळपासून लाइट नाही’ मध्ये आपला काळ साधा वर्तमान, इंग्रजीत तिथे परफेक्ट लागतो, ‘द पॉवर हॅज बीन ऑफ सिन्स धिस मॉर्निंग.’ हे वाक्य कोकणात पावसात रोजच लागतं त्यामुळे सरावाला तोटा नाही. मग ‘फॉर टू अवर्स’. गणपतीनंतरचं पहिलं बुकिंग आलंय, पुण्यात राहणारं एक तमिळ कुटुंब, आणि तो फोन वहिनी घेणार आहेत, असं त्यांनीच दादाला सांगितलंय.