वादळ येतंय म्हणतात? आधी विहिरीच्या दोराचं बघा

मे महिना आला की वाडीत आंब्यांची गडबड चालू असते आणि त्यातच कोणीतरी मोबाईल पुढे करून विचारतं, अरे अरबी समुद्रात काहीतरी बनतंय म्हणे, खरं का? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यापासून आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात हे मस्करीत कोणी विचारत नाही. त्याआधी नोव्हेंबर २००९ ला फयान येऊन गेलेलं, २०२१ च्या मे मधे तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गुजरातला गेलं, म्हणजे पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या पुढेमागे, दोन्ही वेळेला कान उघडे ठेवायचे.

आता सगळे वाऱ्याचंच बोलतात, ताशी शंभर की एकशेवीस. वारा काही तासांत निघून जातो हो. पण पोल आडवे झाले की लाईट आठवडेच्या आठवडे येत नाही आणि खरी परीक्षा तिथे असते. लाईट नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकी कोरडी, आणि विहीर काठोकाठ भरलेली असली तरी रहाट कधीच काढून टाकलेला! आमच्याकडे आई दोर आणि बादली अजून पडवीत खुंटीला टांगून ठेवते, आम्ही हसायचो, पण निसर्गनंतर अख्खी आळी त्या दोरावर पाणी भरत होती. तसंच दळणाचं, चक्की बंद पडते, त्यामुळे इशारा आला की आधी पीठ दळून आणा. टॉवर पडले की यूपीआय गेलं, थोडी रोख घरात हवीच. आईवडिलांची बीपी-शुगरची औषधं महिन्याची भरून ठेवा, रस्त्यावर झाडं पडली की मेडिकलपर्यंत पोचता येत नाही.

घराचं म्हणाल तर पत्र्याचे बोल्ट पावसाआधी स्वतः वर चढून (किंवा माणूस चढवून) बघा. वरून दिसत नाही पण वॉशरखाली गंज धरलेला असतो, आणि वाऱ्याला एक सैल कोपरा मिळाला की खालून घुसून तो अख्खी रांग उचलतो. एका बाजूची खिडकी उघडी ठेवली की दाब निघून जातो असं काही लोक छातीठोकपणे सांगतात, अजिबात ऐकू नका, वारा आत आला की छप्पर आणखी सुटतं. सगळं बंद. माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ आधीच उतरवून घ्या, अंगणातलं फळकुट, कुंड्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत. कौलांचं किंवा पत्र्याचं घर असेल तर हट्ट न करता शेजारच्या स्लॅबच्या घरात नाहीतर शाळेत जा, म्हातारी माणसं "मी घर सोडणार नाही" म्हणतात त्यांना सकाळीच हलवा, वारा सुटल्यावर नाही.

आणि एक महत्त्वाचं, वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला भाग, डोक्यावरून गेला तर मधेच सगळं शांत होतं, लोक बघायला बाहेर पडतात. बाहेर पडू नका!! थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो आणि आधी हलवून ठेवलेलं झाड तेव्हा पडतं.

मेन स्विच बंद, पडलेल्या तारेजवळ कोणी जायचं नाही, लाईट नाहीये ना मग काय होतंय असं म्हणूनसुद्धा नाही, कारण कोणाचा तरी जनरेटर चालू असतो आणि त्याचा करंट उलटा तारेत येऊ शकतो. जनरेटर उघड्यावरच लावा, पडवीत किंवा खोलीत लावला तर धुराने माणूस झोपेतच जातो.

सातबारा, आधार, बँकेची पासबुकं दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून वरच्या फडताळात. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, वादळाच्या आधीच घराचे, वाडीचे फोटो काढा आणि माड किती, पोफळी किती, आंबे किती ते मोजून वहीत लिहून ठेवा. निसर्गच्या वेळी पुढे झाडामागे मदत जाहीर झाली, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत अर्ध्या लोकांनी वाट मोकळी करायला पोफळी तोडून बाजूला टाकल्या होत्या.